हिरवं शेवाळ, उल्वान आणि आरोग्याचे दावे



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते शाळेत रसायनशास्त्र शिकवत. प्रयोगवहीत उत्तर बरोबर असलं आणि कृतीचं पान कोरं असलं, तर ते वही तपासायलाच घेत नसत. काय मिळालं हे नंतर, कसं मिळवलं हे आधी, हा त्यांचा क्रम होता. आजच्या माझ्या विषयाला तो क्रम फार नेमका लागू पडतो. हिरव्या सागरी शेवाळातल्या बहुशर्करा, म्हणजे पॉलिसॅकराइड, कशा काढतात आणि त्यांच्या आरोग्यगुणांबद्दल जे बोललं जातं त्यातलं किती धरून चालायचं, हे मला आज मांडायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही द्रव्यं मोलाची आहेत याबद्दल मला शंका नाही. पण त्यांचे गुण शेवाळाच्या नावावर ठरत नाहीत. ते कुठल्या पाण्यात वाढलं आणि त्यातून ती द्रव्यं कोणत्या रीतीनं काढली, यावर ठरतात. रीत न सांगता गुण सांगणं हे अर्धवट सांगणं आहे, आणि औषधाच्या बाबतीत अर्धवट सांगणं धोक्याचं असतं.

पावसाळा ओसरला की रत्नागिरीपासून मालवणापर्यंतच्या खडपांवर हिरवा थर धरू लागतो. सुकतीला कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना तो चांगला परिचयाचा आहे, कारण त्यावरूनच पाय घसरतो. त्यातली रुंद, पातळ, चुरगळलेल्या पानांसारखी जी जात दिसते ती उल्वा. हे नाव लिनियसनं १७५३ साली दिलं. उल्वाचं पान हातात घेऊन उजेडाकडे धरलं तर पलीकडची बोटं दिसतात, कारण त्याची जाडी फक्त दोन पेशींची असते. तिच्या शेजारी बारीक नळ्यांसारखं जे शेवाळ असतं, त्याला पूर्वी एंटेरोमॉर्फा या वेगळ्या प्रजातीत टाकत. डीएनएच्या अभ्यासानंतर, २००३ साली, तेही उल्वाच ठरलं. मग मऊ, फांद्याफांद्यांचं, स्पंजासारखं दाबलं जाणारं कोडियम आहे, आणि बारीक मण्यांच्या घोसांचं कॉलर्पा आहे. मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरच्या या शेवाळांची शास्त्रशुद्ध नोंद १९३०च्या दशकात एका डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञानं, बॉर्गेसेन यांनी, प्रसिद्ध केली. आपल्या दारातल्या वनस्पतीची वही कोपनहेगनच्या माणसानं भरली. त्यानंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं आणि भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं या क्षेत्रात पुष्कळ काम केलं आहे. तरीही सर्वसामान्य मराठी माणसाच्या लेखी शेवाळ म्हणजे टाकीत धरतं ते, एवढंच राहिलं.

शेवाळातल्या बहुशर्करा आपण रोज खातो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असतं. उपासाच्या दिवशी जे चायना ग्रास वापरतो ते लाल शेवाळातलं अगर. आइस्क्रीम आणि चॉकलेटच्या दुधात घट्टपणासाठी असतं ते कॅराजीनन, तेही लाल शेवाळातलं. तपकिरी शेवाळातून अल्जिनेट निघतं; त्याचा शोध स्कॉटलंडमध्ये काम करणाऱ्या स्टॅनफर्ड यांनी १८८१च्या सुमारास लावला. त्याच काळात फॅनी हेस या बाईंनी आपल्या नवऱ्याला जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिनऐवजी अगर वापरायचं सुचवलं. नवरा रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत होता. आज जगातल्या प्रत्येक रोगनिदान प्रयोगशाळेत अगरची थाळी असते ती त्या गृहिणीच्या स्वयंपाकाच्या ज्ञानामुळे. लाल आणि तपकिरी शेवाळाचे असे मोठे उद्योग उभे राहिले, आणि हिरवं मागे राहिलं. याचं कारण साधं आहे. उद्योगाला हवा होता घट्ट थिजणारा पदार्थ, आणि हिरव्या शेवाळातली बहुशर्करा सहजी थिजत नाही. १९७६ साली नॉर्वेच्या हॉग यांनी दाखवलं की बोरेट आणि कॅल्शियम दोन्ही असतील तर ती थिजते. पण ते थिजणं नाजूक, आम्लता थोडी बदलली तरी मोडणारं. बर्फी किंवा जेलीला त्याचा उपयोग नाही. म्हणून शंभर वर्षं तिच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. औषधाच्या अंगानं पाहायला सुरुवात झाली तेव्हा चित्र पालटलं.

उल्वातल्या या मुख्य बहुशर्करेला उल्वान म्हणतात. ती ऱ्हॅम्नोज, झायलोज, ग्लुक्युरॉनिक आम्ल आणि इड्युरॉनिक आम्ल या घटकांची लांब साखळी असते, आणि ऱ्हॅम्नोजवर जागोजागी सल्फेटचे गट बसलेले असतात. जमिनीवरच्या झाडांत असा सल्फेट लागलेली बहुशर्करा जवळजवळ सापडत नाही; हे समुद्राचं वैशिष्ट्य आहे. शेवाळाला तिची गरज का पडते, हे समजायला खडपावरचा एक दिवस पुरतो. सकाळी पान खाऱ्या पाण्यात बुडालेलं असतं. दुपारी ओहोटीला तेच पान तापलेल्या कातळावर उघडं पडतं. पावसाळ्यात त्यावर तासन्‌तास गोडं पाणी कोसळतं. दोन पेशींच्या जाडीच्या पानानं हे सोसायचं म्हणजे पेशीभित्तीत पाणी आणि क्षार धरून ठेवणारं काहीतरी हवंच. सल्फेट आणि युरॉनिक आम्लांवरचा ऋण विद्युतभार हे काम करतो. पाण्याचे रेणू आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे धन आयन तो धरून ठेवतो. पुढे माणसाच्या शरीरात उल्वान जे काही करतं, त्यातलं बरंचसं याच ऋण भारामुळे.

इड्युरॉनिक आम्लाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. १९९७ साली फ्रान्समध्ये नांत इथल्या संशोधकांनी उल्वानमध्ये हे आम्ल असल्याचं निश्चित केलं, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांचे कान टवकारले. कारण हे आम्ल वनस्पतींत सहसा नसतं. ते असतं प्राण्यांच्या शरीरातल्या हेपरिनसारख्या द्रव्यांत. हेपरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. डायलिसिसला, हृदयाच्या शस्त्रक्रियेला ते लागतंच. १९१६ पासून ते माहीत आहे आणि आजही ते मुख्यतः डुकरांच्या आतड्यांतून काढतात. खडपावरच्या फुकट वाढणाऱ्या शेवाळात त्याच्याशी नातं सांगणारी रचना सापडते, ही साधी गोष्ट नव्हे.

आता काढण्याच्या रीतीकडे येतो. इथे मी सावकाश जाणार आहे.

शेवाळ अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या सुकतीला काढावं, आणि उपटू नये, कापावं. खडपाला चिकटलेला तळचा भाग राहिला तर पान पुन्हा फुटतं. काढल्यावर आधी समुद्राच्याच पाण्यात खळबळायचं. वाळू, बारीक शंख, कुर्ल्यांची पिल्लं, दुसऱ्या शेवाळांचे तंतू निघून जातात. मग गोड्या पाण्यात झटपट धुऊन मीठ काढायचं. फार वेळ भिजत ठेवलं तर कामाचं द्रव्यही निसटू लागतं. नंतर सावलीत किंवा मंद उष्णतेच्या ओव्हनमध्ये वाळवायचं. ओल्या उल्वात पाच भागांतले चारांहून अधिक भाग पाणीच असतं, त्यामुळे मोठी टोपली भरून आणलेलं शेवाळ वाळल्यावर ओंजळीत येतं. पहिल्यांदा हे पाहणारे विद्यार्थी हिरमुसतात.

वाळलेल्या शेवाळाची भुकटी प्रथम अल्कोहोलमध्ये ढवळायची. अल्कोहोल गर्द हिरवं होतं, कारण त्यात हरितद्रव्य, मेद आणि लहान रेणूंच्या शर्करा उतरतात. बहुशर्करा मात्र उतरत नाहीत. भुकटी फिकट राखाडी होईपर्यंत हे करायचं. मग ती ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक-दोन तास ठेवायची. उल्वान पाण्यात उतरतं, पण सगळं उतरत नाही. पेशीभित्तीत कॅल्शियमनं साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. म्हणून काही जण पाण्यात ऑक्झलेट घालतात. ते कॅल्शियमला पकडून बाजूला करतं आणि साखळ्या मोकळ्या होतात. काही जण हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पाणी बरंच आम्लधर्मी करतात. उतारा वाढतो, पण तापलेलं आम्ल साखळी तोडतंही. आजकाल ध्वनिलहरी, मायक्रोवेव्ह, पेशीभित्ती कुरतडणारी विकरं यांचाही आधार घेतात. वेळ वाचतो, आणि प्रत्येक वेळी हाती येणारी वस्तू थोडी वेगळी असते.

मग मलमलीतून गाळणं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं. हाती येतं पिवळसर तपकिरी, किंचित चिकट द्रावण. ते आटवून त्यात तिप्पट-चौपट थंड अल्कोहोल काचकांडीनं ढवळत ओतायचं. आधी द्रावण गढुळतं, मग त्यात पांढुरके धागे दिसू लागतात, काही कांडीलाच गुंडाळले जातात, आणि बघता बघता तळाशी मऊ, भुरभुरीत साका बसतो. इतकी वर्षं हे काम करूनही तो साका बसताना मी भांड्यासमोरून हलत नाही. पण खरं काम इथून पुढे असतं. तो साका म्हणजे उल्वान असं समजून जो थांबला तो फसला. अल्कोहोलनं उल्वानबरोबर शेवाळातला स्टार्चही खाली बसतो, प्रथिनं बसतात, क्षारही अडकतात. स्टार्च काढायला अमायलेज, प्रथिनं काढायला प्रोटिएज, क्षार काढायला डायलिसिसच्या पिशवीत भरून पुन्हा पुन्हा पाणी बदलणं, आणि शेवटी गोठवून वाळवणं. त्यानंतर मोजणी: एकूण शर्करा किती, युरॉनिक आम्लं किती, सल्फेट किती, प्रथिन किती उरलं, साखळीची लांबी म्हणजे रेणुभार किती. ही मोजणी न करता विकलेली पांढरी भुकटी ही नुसती भुकटी असते.

या सगळ्यातून शंभर ग्रॅम सुक्या शेवाळामागे साधारण ८ ते २९ ग्रॅम उल्वान मिळतं, असा जगभरातल्या कामांचा गोषवारा नांतच्या लाहाये आणि रोबिक यांनी २००७ साली दिला. त्याच गोषवाऱ्यात ऱ्हॅम्नोजचं प्रमाण सुमारे १७ पासून ४५ टक्क्यांपर्यंत, आणि सल्फेटचं १६ पासून २३ टक्क्यांपर्यंत दिलेलं आहे. या पसरट आकड्यांकडे नीट पाहा. जात, हंगाम, पाणी आणि काढणाऱ्याची रीत यांनुसार एकाच नावाची वस्तू इतकी बदलते. कोल्हापूरकडच्या माणसाला हे चटकन पटेल. ऊस एकाच मळ्यातला असला तरी गुळव्या बदलला, काहिलीखालचा जाळ बदलला, की गूळ बदलतो, आणि व्यापारी ढेप फोडून बघितल्याशिवाय भाव बोलत नाही. उल्वानचीही ढेप फोडून बघावी लागते.

आता आरोग्याकडे. सर्वांत भक्कम गोष्ट सर्वांत साधी आहे: उल्वान हे अन्नातलं तंतुद्रव्य आहे. आपल्या जठरात आणि लहान आतड्यात ते पचत नाही. ते पाणी धरतं, मळाला मऊपणा देतं आणि मोठ्या आतड्यात जातं. तिथल्या जिवाणूंनाही ते सहजी फोडता येत नाही, असं फ्रान्समधल्या प्रयोगांत १९९०च्या दशकातच दिसलं. समुद्रातल्या काही जिवाणूंना मात्र ते पुरतं फोडता येतं. फॉर्मोसा अगारीफिला या जिवाणूकडे त्यासाठी विकरांची अख्खी फळी आहे, आणि तिचं काम टप्प्याटप्प्यानं २०१९ मध्ये उलगडलं. इथे जपानची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. नोरी नावाचं लाल शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या जपानी लोकांच्या आतड्यांतल्या एका जिवाणूनं, त्या शेवाळातली बहुशर्करा फोडणारी जनुकं समुद्री जिवाणूंकडून घेतली आहेत, असं २०१० साली प्रसिद्ध झालं. उत्तर अमेरिकेतल्या ज्या लोकांशी तुलना केली, त्यांच्यात ती आढळली नाहीत. तेव्हा जपानमध्ये शेवाळाचा जो गुण दिसतो तोच आपल्या पोटातही दिसेल, हे गृहीत धरून चालत नाही. आपल्या लोकांवर अभ्यास व्हायला हवा, असं मी म्हणतो ते यासाठी.

दुसरी गोष्ट कोलेस्टेरॉलची, आणि माझ्या म्हणण्याचा कणा इथेच आहे. २००३ साली चीनमधल्या संशोधकांनी उल्वा पर्टुसा या जातीतून उल्वान काढलं. त्यातलं काही तसंच ठेवलं आणि काहीच्या साखळ्या तोडून लहान केल्या. मग दोन्ही प्रकार उंदरांना खाऊ घातले. लांब साखळीच्या उल्वाननं एकूण कोलेस्टेरॉल आणि वाईट म्हणतात ते एलडीएल उतरलं, पण ट्रायग्लिसराइडवर परिणाम झाला नाही. तोडलेल्या साखळ्यांनी उलट केलं: ट्रायग्लिसराइड उतरलं आणि चांगलं एचडीएल वाढलं. शेवाळ तेच, प्राणी तेच. फरक साखळीच्या लांबीचा. म्हणजे काढताना आम्ल किती, उष्णता किती, वेळ किती, या गोष्टींनी गुण बदलतो. ‘शेवाळानं कोलेस्टेरॉल उतरतं’ हे वाक्य त्यामुळे अपुरं आहे. कोणत्या उल्वाननं, हे त्यात आलंच पाहिजे.

रक्त न गोठू देण्याचा गुण उल्वानमध्ये आहे, पण मध्यम. तो जास्त जोरकस दिसतो कोडियममधल्या सल्फेटयुक्त बहुशर्करांत, आणि जपानमध्ये हितोएगुसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोनोस्ट्रोमातल्या ऱ्हॅम्नान सल्फेटमध्ये. रक्तातलं थ्रॉम्बिन थोपवणाऱ्या आपल्याच प्रथिनांना ही द्रव्यं बळ देतात. मिए प्रांतात मोनोस्ट्रोमाची शेती होते आणि ते मिसो सूपमध्ये घालून सर्रास खातात. सूपच्या वाटीत काळजीचं काही नाही. पण ज्यांना वॉरफरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू आहे, त्यांनी शेवाळाच्या अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हे मी अगदी स्पष्ट सांगून ठेवतो, कारण असल्या पाकिटांवर ‘नैसर्गिक’ हा शब्द ठळक असतो आणि ही सूचना शोधावी लागते.

हेपरिनच्याच इतिहासातला एक प्रसंग इथे आठवणं भाग आहे. २००८ साली अमेरिकेत हेपरिन दिलेल्या रुग्णांना अचानक तीव्र प्रतिक्रिया येऊ लागल्या. अनेक मृत्यूंचा संबंध त्याच्याशी लागला. तपासात दिसलं की चीनमधून आलेल्या कच्च्या मालात जास्तीचं सल्फेट चढवलेलं कॉन्ड्रॉइटिन मिसळलेलं होतं. तेव्हाच्या नेहमीच्या चाचण्यांत ते हेपरिन म्हणून खपून गेलं होतं. चुंबकीय अनुनादाच्या चाचणीनं ते पकडलं. सल्फेट लागलेल्या बहुशर्करा दिसायला सारख्या असतात आणि शरीरात फार वेगळ्या वागतात. ज्यांना उल्वान औषधात आणायचं आहे, त्यांनी हा प्रसंग पाठ करावा.

प्रतिकारशक्तीचे दावे मी अधिक कडकपणे तपासतो. उल्वाननं पांढऱ्या पेशींमधल्या मॅक्रोफेज चेतवल्या जातात, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. पण खडपावरच्या शेवाळावर जिवाणूंचा थर असतोच. त्या जिवाणूंच्या भित्तीतलं एंडोटॉक्सिन अगदी नाममात्र राहिलं तरी मॅक्रोफेज चेतवल्या जातात. एंडोटॉक्सिन मोजून वगळलं नसेल, तर श्रेय उल्वानचं की जिवाणूचं, हे कसं ठरवणार? ऑक्सिडीकरण रोखण्याच्या दाव्यांचीही तीच गत. परीक्षानळीतल्या चाचणी-रसायनाचा जांभळा रंग उतरला, एवढ्यावर प्रकृती सुधारते असं म्हणता येत नाही. आणि अर्धवट शुद्ध अर्कात राहिलेली पॉलिफिनॉलं तो रंग स्वतःच उतरवतात. विषाणूंच्या बाबतीत कल्पना आकर्षक आहे: ऋण भाराची साखळी विषाणूला पेशीवर चिकटूच देत नाही. काचेच्या थाळीत हर्पिससारख्या विषाणूंवर ते दिसतं. पण गिळलेलं उल्वान आतड्यातून रक्तात फारसं शोषलंच जात नाही, हे लक्षात घेतलं की घशाखाली गेलेल्या गोळीकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. त्वचेवर लावायच्या मलमाच्या किंवा जखमेवरच्या पट्टीच्या दिशेनं ते काम जाणं मला अधिक सयुक्तिक वाटतं.

माणसांवरच्या चाचण्या थोड्या आहेत, पण आहेत. ऑस्ट्रेलियात अधिक वजनाच्या लोकांवर केलेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०२२ साली एकत्र प्रसिद्ध झाले. रक्तातली मेदद्रव्यं, दाहाचे निर्देशक आणि आतड्यातल्या जिवाणूंची रचना यांत काही अनुकूल बदल त्यांत दिसले. मला त्यांतलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे, की अर्क एका ठरावीक, लागवडीत वाढवलेल्या उल्वाचा होता. खडपावरून मिळेल ते खरवडून आणलेलं शेवाळ नव्हतं. पायंडा असा पडायला हवा.

आता पाणी. नत्र मिळालं की उल्वा फोफावते, आणि सांडपाण्यात नत्र भरपूर असतं. मुंबईत वरळी, हाजी अली, वांद्र्याच्या बँडस्टँडचे खडक हिरवेगार दिसतात, तेव्हा त्या हिरवेपणाला शहराच्या गटारांचाही हातभार असतो. शिवाय उल्वानचा ऋण भार तांबं, शिसं, कॅडमियम यांनाही धरून ठेवतो. म्हणून तर जगभर उल्वा हे धातूंचं प्रदूषण ओळखण्याचं साधन म्हणून वापरतात. जे शेवाळ प्रदूषण मोजायला उत्तम, ते त्या जागचं खायला नको. मुंबईच्या खडकावरचं शेवाळ कुणीही आरोग्यासाठी घरी नेऊ नये.

नत्राचं प्रमाण हाताबाहेर गेलं की काय होतं, ते फ्रान्समधल्या ब्रिटनीनं पाहिलं आहे. तिथल्या डुकरं-कोंबड्यांच्या दाट पैदाशीतून आणि खतांतून नायट्रेट ओढ्यांवाटे उथळ उपसागरांत येतं, आणि १९७०च्या दशकापासून किनाऱ्यावर उल्वाचे ढीग लागतात. ढीग आतून कुजला की हायड्रोजन सल्फाइड साठतो. २००९ साली सँ-मिशेल-आँ-ग्रेव्हच्या किनाऱ्यावर त्यानं एक घोडा मेला आणि स्वार बेशुद्ध पडला. २०११ साली ब्रिटनीच्याच किनाऱ्यावर रानडुकरं मेलेली आढळली. चीनमध्ये २००८ साली ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यती छिंगदाओला व्हायच्या होत्या. ऐन वेळी उल्वा प्रोलिफेराचा लोंढा आला आणि सैनिक व स्वयंसेवकांनी दहा लाख टनांहून अधिक शेवाळ उपसलं. ब्रिटनीत या संकटातूनच उल्वाचा अर्क काढून जनावरांच्या खाद्यात आणि शेतीत वापरण्याचा उद्योग उभा राहिला. उद्योग चांगला आहे. पण त्यानं ओढ्यांतलं नायट्रेट कमी होत नाही, आणि शेवाळ विकलं जातं म्हणून नायट्रेट येऊ द्यावं असं कुणी म्हणू लागलं तर तो उलटा न्याय होईल.

शेतीचा उल्लेख आलाच आहे, तर विषयाची चौकट थोडी ओलांडतो. द्राक्षावरची भुरी नाशिकच्या बागायतदाराला वेगळी सांगायला नको. आंब्याच्या मोहोरावरच्या भुरीनं कोकणही त्रस्त आहे. २०११ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की उल्वाचा अर्क फवारल्यावर द्राक्ष, काकडी आणि घेवड्यावरची भुरी बरीच आटोक्यात राहते. अर्क बुरशीला मारत नाही. झाडाची स्वतःची संरक्षणव्यवस्था जागी करतो. इथे शुद्धतेची अट औषधाइतकी कडक नसते, डोस रुग्णाच्या पोटात जायचा नसतो, आणि गंधकाच्या फवारण्या काही प्रमाणात टळू शकतात. हिरव्या शेवाळाचा महाराष्ट्रातला पहिला मोठा उपयोग गोळीच्या डबीत होण्याआधी फवारणीच्या पंपात व्हावा, असं माझं मत आहे.

कच्चा माल कुठून आणायचा? खडपावरून नव्हे. तिथलं हिरवं थोडं आहे, आणि त्यावर लहान मासे, कुर्ल्या, शंख जगतात. समुद्रात तराफे टाकून शेवाळ वाढवण्याची रीत तमिळनाडूच्या मंडपम भागात रुळली. केंद्रानं २०२० साली मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवले तेव्हा सगळीकडे तराफ्यांचीच चर्चा झाली. पण तमिळनाडूच्या त्या किनाऱ्याला जो आडोसा आहे तो आपल्याला नाही. जून ते सप्टेंबर कोकणचा समुद्र तराफा ठेवू देत नाही. उल्वाला मात्र समुद्रच हवा असं नाही. ती टाकीत उत्तम वाढते. दक्षिण आफ्रिकेत ॲबलोनी नावाच्या मोठ्या शंखांच्या शेतीत, बाहेर पडणारं पाणी लांबट हौदांतून फिरवतात. त्या पाण्यातलं नत्र खाऊन उल्वा वाढते, पाणी स्वच्छ होतं आणि उल्वाच शंखांना खाऊ घालतात. आपल्याकडे खाडीकाठी कोळंबीची तळी आहेत. त्यांच्या बाहेर जाणाऱ्या पाण्यात उल्वाचे हौद घातले तर पाणी खाडीत जाण्याआधी सुधारेल, आणि कोणत्या पाण्यात, काय खाऊन वाढलेलं शेवाळ आहे, याची लेखी नोंद राहील. अशी नोंद असलेल्या मालालाच औषधनिर्माते विचारतात.

घरात खाण्याबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो. ओकिनावात आणि फिलिपिन्समध्ये कॉलर्पाचे घोस कच्चेच खातात. सेबूजवळच्या माक्तान बेटावर त्याची तळ्यांत शेती होते. स्वच्छ पाण्यातल्या उल्वाची सुकी भुकटी भाकरीच्या पिठात चिमूटभर घालायला हरकत नाही. तंतुद्रव्य, मॅग्नेशियम आणि थोडं लोह मिळेल. तपकिरी शेवाळासारखं आयोडीन जास्त होण्याची भीती उल्वात कमी आहे. बाजारातलं अर्काचं पाकीट घ्यायचं झालं तर मात्र विक्रेत्याला विचारा: शेवाळाची जात कोणती, कुठल्या पाण्यातली, कशानं काढलं, सल्फेट आणि रेणुभार किती, धातू तपासले का. उत्तर नसेल तर पैसे खिशात ठेवा.

शेवटी या रत्नागिरी जिल्ह्यासाठी एक प्रस्ताव मांडतो. इथे मत्स्य महाविद्यालय आहे, सागरी जीवशास्त्राचं संशोधन केंद्र आहे, विज्ञान शिकणारी मुलं आहेत. वस्तीच्या नाल्यापासून लांबची एक खडप आणि नाल्याजवळची एक, अशा दोन जागा निवडाव्यात. वर्षभर, प्रत्येक अमावास्येच्या सुकतीला, दोन्हीकडून उल्वाचा नमुना घ्यावा. काढण्याची रीत बाराही महिने एकच ठेवावी: ९० अंशांचं पाणी, दोन तास, तिप्पट अल्कोहोल. प्रत्येक नमुन्याचा उतारा, सल्फेट, युरॉनिक आम्ल, प्रथिन आणि धातू मोजावेत, आणि तक्ता सगळ्यांना खुला ठेवावा. खर्च फार नाही. अल्कोहोलसुद्धा ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरता येतं. सुरुवात ऑक्टोबरमध्ये करावी, कारण पाऊस थांबून पाण्याचा खारटपणा तेव्हा पूर्वपदावर येतो आणि कोवळी वाढ सुरू झालेली असते; तिथून सुरुवात केली तर पुढच्या पावसाळ्याआधी एक पूर्ण हंगाम हाती येतो. ज्यांना यात यायचं असेल त्यांनी सभा संपल्यावर दारापाशी ठेवलेल्या वहीत नाव लिहावं.